डाव्या डोळ्यातला ठिपका

“मावशी, हे त्यांनी पूर्ण का नाही केलं?” भाचीनं विचारलं तेव्हा मी पर्समधे पाण्याची बाटली शोधत होते, मान वर न करताच म्हणाले, “राहिलं असेल गं घाईत, चल.” एवढंच. ती पुढे पळाली, मी मागोमाग गेले, आणि चार पावलं गेल्यावर छातीत कुठेतरी कळ आल्यासारखं झालं, कारण हे वाक्य माझं नव्हतं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, आमच्या कोल्हापूरच्या घरात, सोप्यात, दुसऱ्याच्या तोंडून, आणि ज्यानं म्हटलं होतं त्याचा मला तेव्हा इतका राग आला होता की आजही त्या माणसाच्या चपलांचा आवाज आठवतो.

2016 चा एप्रिल. धाकट्या बहिणीकडे फ्रीमाँटला तीन महिने राहायला गेले होते. भाची तेव्हा चौथीत, आणि तिकडे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो, आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात तसा. त्यामुळे सुट्टीत सगळे सॅक्रामेंटोला कॅपिटॉल, म्हणजे तिकडचं विधान भवन, बघायला गेलो. बहीण आणि तिचा नवरा कॉफीच्या शोधात खालीच थांबले आणि आम्ही दोघी वर. बाहेर ऊन चटकत होतं आणि आत पाऊल टाकल्याबरोबर गारवा, लाकडाला पॉलिश केल्याचा वास, पायाखाली बारीक बारीक तुकड्यांची नक्षीची फरशी, वर बघितलं की मान दुखेपर्यंत उंच घुमट. भाची आधी खाली गव्हर्नरच्या ऑफिसबाहेर ठेवलेल्या ब्राँझच्या अस्वलाकडे गेली, ते अस्वल आधीचे गव्हर्नर, सिनेमातले श्वार्झनेगर, यांनी आणून ठेवलं होतं, येणारं प्रत्येक पोर त्याच्या पाठीवर हात फिरवायचं. मग आम्ही भिंतींवरची गव्हर्नर मंडळी बघत बघत जिने चढलो. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून येतो, राज्य चालवतो आणि पद सुटलं की त्याचं एक तैलचित्र तिथे लागतं. जुने सगळे काळ्या कोटात. युनिव्हर्सिटीवाले लेलँड स्टॅनफर्ड पण आहेत, ते 1862 ला गव्हर्नर झाले होते, हे मला तिथेच कळलं.

मला ही चित्रं अनोळखी वाटलीच नाहीत. तुम्ही कोल्हापूर-सांगली भागात वाढला असाल तर तुम्हालाही वाटणार नाहीत. आपल्याकडे प्रत्येक पतसंस्थेत, साखर कारखान्यात, हायस्कूलच्या हॉलमधे, जिल्हा बँकेच्या मीटिंग रूममधे एक तरी तैलचित्र असतं, खाली नाव, संस्थापक चेअरमन, आणि वर हार अडकवायला खिळा. तसाच उजव्या खांद्यावरून पडलेला उजेड, तशीच मागची तपकिरी-हिरवट अंधारी बॅकग्राउंड, तसाच कुठे न बघणारा चेहरा. माझे वडील, अण्णा, असलीच चित्रं काढायचे. पस्तीस-चाळीस वर्षं काढली. दुकानांच्या पाट्या, गणपतीचे डोळे, मंडळांचे पडदे हे पण करायचे, पण पोटाचा मुख्य आधार पोर्ट्रेट. त्यामुळे मी असल्या भिंती बघते तेव्हा चेहरे नंतर बघते, आधी कॉलर बघते. कॉलर आणि कान. अण्णा म्हणायचे, पेंटर कंटाळला की पहिल्यांदा कानात कळतं.

आणि मग तिसऱ्या मजल्यावर ते चित्र आलं.

जेरी ब्राऊन यांचं. मागे अंधार नाहीच, सगळं पांढरं. गडद सूट आहे पण तोही ब्रशच्या फटकाऱ्यांनी उभा केलेला, चेहऱ्यावरचे रंग एकमेकात मिसळून गुळगुळीत केलेलेच नाहीत, फटकारा जिथे संपला तिथे तो तसाच सोडलाय. जाड काळ्या भुवया आणि खाली दोन डोळे. ते कुठे न बघणारे नाहीत, ते तुमच्याकडेच बघतात. आत्ताच इतक्या सगळ्या चित्रांचे डोळे चुकवत आलो आणि एकदम कुणीतरी हाक मारली असं वाटतं. भाचीला ते अर्धवट वाटलं. तिची काहीच चूक नाही, नऊ वर्षांची होती, आणि तिच्या डोळ्यासमोर श्वार्झनेगर यांचं चित्र होतं, गॉटफ्रीड हेल्नवाइन यांनी काढलेलं, भलंमोठं, अगदी फोटो म्हणावा इतकं हुबेहूब. ते तिला फार आवडलं होतं. “हा खरा वाटतो,” म्हणाली होती. त्या चित्राबद्दल 2014 साली पेपरात आलं होतं की कोटावर पत्नीच्या चेहऱ्याचा एक छोटासा बिल्ला आधी रंगवलेला होता आणि नंतर त्यावर रंग चढवून तो झाकलाय, जवळून बघितलं तर तिथे जरा वेगळा रंग दिसतो. खरा वाटणाऱ्या चित्रातही काय काय झाकलेलं असतं. पण हे मी तिला त्या वयात काय सांगणार.

रात्री सगळे झोपल्यावर बहिणीच्या किचनमधल्या उंच स्टुलावर बसून लॅपटॉपवर वाचत बसले. हे चित्र 1984 सालचं. ब्राऊन 1975 ला गव्हर्नर झाले तेव्हा 36 वर्षांचे होते, त्यांचे वडील पॅट ब्राऊन पण गव्हर्नर, म्हणजे बापाचं आणि मुलाचं अशी दोन्ही चित्रं त्या इमारतीत. तरुणपणी पाद्री व्हायला निघालेला माणूस. गव्हर्नर झाल्यावर नवीन बांधलेल्या बंगल्यात राहायला नाही म्हणाला, कॅपिटॉलजवळ साधा भाड्याचा फ्लॅट घेतला, जमिनीवर गादी टाकून झोपायचा, सरकारी लिमोझिन सोडून निळी प्लिमथ गाडी वापरायचा. 1983 ला पद गेल्यावर काही वर्षांनी जपानला जाऊन झेन शिकला आणि मग आपल्या कलकत्त्याला, मदर तेरेसांकडे मरणाऱ्या माणसांची सेवा करायला. आणि सगळ्यात नवल म्हणजे 2011 ला हाच माणूस परत गव्हर्नर झाला. त्यामुळे गव्हर्नरांच्या यादीत त्याचे नंबर दोन, 34 वा आणि 39 वा. म्हणजे ज्या दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर त्याच्या चित्रासमोर पर्समधे बाटली शोधत होते तेव्हा तोच माणूस 78 वर्षांचा होऊन खाली पहिल्या मजल्यावर, त्या अस्वलाच्या मागच्या दारापलीकडे, राज्य चालवत होता. आणि वर भिंतीवर त्याचा पंचेचाळिशीतला चेहरा तसाच उघडा, न पुसलेला. हे चित्र लागलं तेव्हा बऱ्याच आमदारांना ते आवडलं नव्हतं, लोकांनी खूप नावं ठेवली. तरी बत्तीस वर्षं ते तिथे होतं.

चित्रकाराचं नाव डॉन बकार्डी. लॉस एंजलिसमधेच जन्मलेले, 1934 चे. त्यांच्याबद्दल वाचत गेले तशी माझी झोपच उडाली. हा माणूस फोटोवरून चित्र काढतच नाही. समोर माणूस बसलेला पाहिजे, जिवंत, श्वास घेणारा. बहुतेक वेळा एकाच बैठकीत चित्र पूर्ण, उद्या येऊन दुरुस्ती करायची असला प्रकार नाही. आणि झालं की बसलेल्या माणसालाच चित्रावर सही करायला सांगायची, तारीख घालून. मी हे दोनदा वाचलं. चित्रावर चित्रकाराची सही असते हे सगळ्यांना माहीत आहे पण ज्याचं चित्र त्याची सही! म्हणजे त्यानं उठायचं, चित्रासमोर यायचं, स्वतःचा चेहरा दुसऱ्याला कसा दिसला ते बघायचं आणि त्याच्याखाली आपलं नाव लिहायचं. किती अवघड आहे हे.

अजून एक वाचलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बकार्डी तीसेक वर्षं लेखक ख्रिस्तोफर इशरवुड यांच्यासोबत राहिले, सांता मोनिकाला, समुद्राजवळच्या घरात. हे इशरवुड स्वामी प्रभवानंदांचे शिष्य, त्यांच्याबरोबर बसून त्यांनी गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं. बकार्डींनीही त्याच स्वामींकडून दीक्षा घेतलेली. इशरवुड कॅन्सरनं गेले, 4 जानेवारी 1986 ला. त्याआधीचे कित्येक महिने बकार्डी बाकीची कामं बाजूला सारून फक्त त्यांचीच चित्रं काढत होते, पलंगाशी बसून, रोज, दुखत असताना, ओरडत असताना. आणि ज्या दिवशी ते गेले त्या दिवशीसुद्धा गेल्यानंतर समोर बसून त्यांचा चेहरा काढत राहिले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते सहनच झालं नाही, लॅपटॉप मिटून टाकला. मग परत उघडला. मला अण्णांचा हात आठवला, आमच्या आजीला खाटेवरून खाली घेतलं तेव्हा सगळे रडत होते आणि अण्णा भिंतीला टेकून उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू फिरवत होते, कपाळ, नाक, हनुवटी. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आलं, आणि ते मी कधी त्यांना बोलून दाखवलं नाही.

आता त्या वाक्याकडे येते.

अण्णांचं नेहमीचं काम म्हणजे फोटोवरून. गिऱ्हाईक पासपोर्ट साइझ फोटो घेऊन यायचं, तोही बऱ्याचदा तुटका, पिवळा पडलेला, कधी आधारासाठी लग्नातल्या ग्रुप फोटोतलं एक डोकं. अण्णा त्या फोटोवर टोकदार पेन्सिलनं बारीक चौकटी पाडायचे, मग कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि एकेका चौकटीतली रेघ तिकडे न्यायची. कॅनव्हासही घरीच ताणायचे, सरस आणि सफेद्याचा हात देऊन तो सोप्यात वाळत ठेवलेला असायचा, त्यामुळे आमच्या घराला कायम अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास, शाळेत मैत्रिणी म्हणायच्या तुझ्या वहीला कसला वास येतो. सगळ्यात शेवटी डोळ्यातला ठिपका. अगदी बारीक ब्रशवर पांढऱ्या रंगाचा कण घ्यायचा, श्वास धरायचा, आणि टेकवायचा. एक इकडे एक तिकडे. तो टेकवला की समोरचा माणूस जागा व्हायचा, आम्ही पोरं ते बघायला अभ्यास सोडून येऊन उभी राहायचो. माणसं मात्र बहुतेक सगळी मेलेली असायची. अण्णांनी आयुष्यभर मेलेली माणसं जागी केली. समोर बसवून चित्र काढायला त्यांना कोण देणार, कोल्हापुरात त्या काळी मोठमोठे चित्रकार होते, अण्णा पाट्या रंगवणारे पेंटर. राजा रविवर्म्याची एक गोष्ट ते नेहमी सांगायचे, मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम म्हणे एका गोऱ्या चित्रकारापुढे अठरा वेळा बसला तरी चेहरा काही जमेना, आणि रविवर्म्यानं तो जमवला. गोष्टीत गव्हर्नर खूश झाला वगैरे असतं पण अण्णा तिथे थांबायचेच नाहीत, ते म्हणायचे, “अठरा वेळा! एवढा मोठा माणूस अठरा वेळा समोर बसला बघ.” त्यांना हेवा वाटायचा तो बसण्याचा.

1985 साली, माझी दहावी होती त्या वर्षी, एका पतसंस्थेचे चेअरमन स्वतःच म्हणाले की मी बसतो. संस्थेची नवी इमारत होणार होती, हॉलमधे लावायला त्यांचंच चित्र पाहिजे होतं. सातशे रुपये ठरले, दोनशे इसार. पाच दुपारी आले. पांढरा शर्ट, टोपी, आणि काळा चष्मा. चेअरमनना काळ्या चष्म्याशिवाय गावात कुणीच बघितलं नव्हतं, सगळ्या फोटोत तसेच. पहिले दोन दिवस चष्म्यासकटच बसले. तिसऱ्या दिवशी अण्णांनी हळूच विचारलं, “साहेब, चष्मा असू दे का?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “घरात कोण कोण हाय?” अण्णा म्हणाले, मंडळी आणि पोरी. त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. मी नेमकी चहा घेऊन आले होते. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, लहानपणी देवी आल्या होत्या त्यातलं. बुबुळावर सायीसारखा पांढुरका थर. मी दारातच थांबले. “ये पोरी, भिऊ नगस,” म्हणाले. कप घेताना त्यांचा हात थोडा थरथरला, बशीत चहा सांडला, मी पुसायला वाकले तर म्हणाले राहू दे.

ते तीन दिवस अण्णा जेवायचेसुद्धा विसरायचे. तो एक डोळा काढायला त्यांना एक आख्खी दुपार लागली. उजव्या डोळ्यात ठिपका बसला पण डाव्या डोळ्यात बसेना, कारण तिथे उजेड एका जागी ठरतच नव्हता, त्या खडबडीत सायीवर पडून तो पसरायचा आणि विरून जायचा. अण्णांनी तो तसाच विरलेला काढला. सफेद्यात किंचित निळा, किंचित मातकट, आणि बोटानं पुसून घेतलेला. पाचव्या दिवशी चेअरमन उठून कॅनव्हाससमोर आले. खूप वेळ उभे होते. आई आतून खुणावत होती की आवडलं की नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, “असाच हाय मी.” चष्मा घातला आणि गेले.

चित्र न्यायला चारजण आले ते संस्थेतले, चेअरमन नाही. त्यातल्या एकानं कंबरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, “पेंटर, ह्यो डावा डोळा करायचा राहिलाय न्हवं? घाईत राहिला जनू.” अण्णा म्हणाले, राहिला नाही, तिथे ठिपका येत नाही. “येत न्हाई म्हंजे? ह्या डोळ्यात आलाय की. तेवढा टाका आन पुरं करून द्या.” अण्णांनी समजावून सांगितलं, दोनदा. त्यांचं म्हणणं साधं होतं, हे हॉलमधे लागणार, हार घालायचाय, लोक बघणार, असलं कसं लावायचं. नेलं तेव्हा. आठ दिवसांनी रिक्षातून परत आलं, पेपरात गुंडाळून, सुतळीनं बांधून. दुसऱ्या पेंटरकडून फोटोवरून काळ्या चष्म्यासकट करून घेतलं म्हणे. उरलेले पाचशे रुपये आले नाहीत. चेअरमन स्वतः एक शब्द बोलले नाहीत, अण्णांकडे आले नाहीत, रस्त्यात भेटले तर मान हलवून पुढे जायचे. मला कितीतरी वर्षं त्यांचाच सगळ्यात जास्त राग होता, त्या चपलावाल्यापेक्षाही. घरात चष्मा काढलात तर भर सभेत का नाही काढलात? आता तेवढा राग येत नाही. आता वाटतं, तीन दुपारी एका पाट्या रंगवणाऱ्यासमोर चष्मा काढून बसणं एवढंच त्यांच्याच्यानं झालं असेल. कॅलिफोर्नियाच्या त्या गव्हर्नरला जे जमलं ते एका पतसंस्थेच्या चेअरमनला जमलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण ब्राऊनना बसायला उभं आयुष्य होतं, बाप गव्हर्नर होता, त्यांना कुणी चिडवलं तरी ते ब्राऊनच राहणार होते. आमच्या चेअरमनना लहानपणापासून कुणी काय काय म्हटलं असेल त्या डोळ्यावरून.

आणि मी काय केलं ते लिहायलाच पाहिजे. चित्र परत आलं त्या रात्री मी अण्णांना म्हणाले, “घाला की एक ठिपका, काय जातंय?” माझ्या क्लासची फी भरायची होती, आईनं दुपारी डबे उघडून पैसे मोजले होते ते मी बघितलं होतं. मला पाचशे रुपये पाहिजे होते. अण्णा ब्रश धूत होते, आधी रॉकेलमधे, मग साबणाच्या वडीवर घासून, तळहातावर गोल गोल. ते थांबले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा अंगणात उभे होते, म्हणाले, “तो ठिपका घालायला दोन सेकंद लागतात. मला माहिताय.” बास. नंतर त्या चित्राचा विषय घरात कधीच निघाला नाही. ते माळ्यावर गेलं.

म्हणून त्या तिसऱ्या मजल्यावर मला कळ आली. एकदा पंधराव्या वर्षी पैशासाठी आणि एकदा सेहेचाळिसाव्या वर्षी नुसती पाण्याची बाटली सापडत नव्हती म्हणून, दोन्ही वेळा मी तेच म्हणाले.

तिकडून परत आल्यावर अण्णांना फोनमधला फोटो दाखवला. तेव्हा ते एक्याऐंशीचे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, हात थरथरायचा. फोन नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ. मी काहीच सांगितलं नव्हतं, कोण, कुठलं, काही नाही. “फोटोवरनं नाही हे,” म्हणाले. “समोर बसवलाय. बघ, माणूस हललाय, यानं त्याला हलू दिलाय.” मग मी सांगितलं की हे तिकडच्या मुख्यमंत्र्याचं सरकारी चित्र आहे, त्यांच्या विधान भवनात आहे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “आणि लावलं त्यांनी हे?” म्हटलं, हो, बत्तीस वर्षं झाली. “हार घालतात?” म्हटलं, नाही अण्णा, तिकडे हार नाही घालत. ते बराच वेळ अंगठ्यानं स्क्रीन मोठी करून डोळेच बघत होते, स्क्रीन बंद पडली की मी परत चालू करून द्यायचे. शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “लावलं म्हणजे झालं,” आणि खिडकीकडे तोंड करून पडले. मला तेव्हा म्हणायचं होतं, अण्णा, तुमचं ते पण पूर्ण होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. बाहेर दूधवाला आला, मी पातेलं घेऊन उठले. त्यानंतर तीन वर्षं अण्णा होते आणि ते वाक्य माझ्याकडून बोललं गेलं नाही. आज जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला. जुने पत्र्याचे डबे, घट्ट झालेल्या रंगाच्या ट्यूबा, आणि सगळ्यात मागे ते, त्याच सुतळीत. पेपर हात लावला की चुरा होत होता. वार्निश पिवळं पडलंय, खालच्या कोपऱ्यात कॅनव्हासला पोपडा धरलाय, पण चेहरा शाबूत आहे. मी ते सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलं आणि समोर जमिनीवर बसले, जिथे अण्णा उभे राहायचे साधारण तिथेच. दहावीतल्या मुलीला त्यात एक भीतिदायक डोळा दिसला होता. आता मला दिसला तो खालच्या पापणीला आलेला जडपणा, जेवून आलेल्या माणसाची सुस्ती, आणि ओठ असे मिटलेले की हा माणूस आत्ता चष्मा मागणार आहे पण मागत नाहीये. कान बघितला. कान अगदी मन लावून काढलाय.

त्या रात्री भाचीला व्हिडिओ कॉल केला. ती आता अठराची, कॉलेजला जाणार. म्हटलं, तुला सॅक्रामेंटो आठवतं का, तू मला एका चित्राबद्दल विचारलं होतंस, मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं. तिला काही आठवेना. “मला फक्त ते बेअर आठवतंय मावशी,” म्हणाली. नऊ वर्षं मी जे बाळगून होते ते तिच्याकडे नव्हतंच, आणि मला जरा बरंही वाटलं आणि जरा रिकामंही. तरी मी तिला सगळं सांगितलं, चेअरमन, चष्मा, पाचशे रुपये, तिच्या आजोबांनी न घातलेला ठिपका. ती मधे एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, “दाखव ना. दोन्ही डोळे दाखव.” सोप्यातला दिवा रंगाच्या कामासाठी काढून ठेवलेला, म्हणून मी फोनचा टॉर्च लावला आणि चित्राजवळ नेला. आधी उजवा डोळा, ठिपका अजून पांढराशुभ्र. मग डाव्यावर आणला तर टॉर्चचा उजेड वार्निशवर पडला आणि बरोब्बर बुबुळावर एक लख्ख पांढरा ठिपका उमटला. “आहे की मावशी, इथे पण आहे!” ती म्हणाली. “थांब,” म्हटलं, आणि फोन जरा तिरका केला.